शेवटच्या वर्षाचा साठ्यावरचा प्रोजेक्ट: आधी स्टोअर, मग सूत्र

उत्पादन आणि पुरवठा साखळी शिकणाऱ्यांनी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला 'संपूर्ण पुरवठा साखळीचा अभ्यास' असला अवाढव्य विषय घेऊ नये. भोसरी, सातपूर, वाळूज, गोकुळ शिरगाव, जी एमआयडीसी जवळ असेल तिथला एक मध्यम कारखाना धरा आणि त्याच्या स्टोअरमधल्या पंधरा-वीस वस्तूंचा साठा किती असावा, एवढाच प्रश्न घ्या. कॉलेजचं पत्र न्या, आणि अहवालात दर व व्हेंडरची नावं सांकेतिक ठेवू असं त्यातच लिहा. माहिती अडते ती बहुतेकदा याच दोन गोष्टींपायी.

वस्तू निवडायला एबीसी विश्लेषण पुरे. प्रत्येक वस्तूचा वर्षाचा वापर गुणिले दर काढा, उतरत्या क्रमाने लावा, बेरीज करत जा. एकूण रकमेच्या साधारण ७० ते ८० टक्क्यांपर्यंत ज्या वस्तू येतात, त्या 'ए'. काम त्यांच्यावरच करा.

एका वेळी किती मागवायचं याचं सूत्र फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडलं: दोन गुणिले वार्षिक वापर गुणिले एका ऑर्डरचा खर्च, भागिले एक नग वर्षभर ठेवण्याचा खर्च, आणि त्याचं वर्गमूळ. समजा बेअरिंगचा वापर वर्षाला १२,००० नग, ऑर्डरचा खर्च ५०० रुपये, दर ८० रुपये आणि साठवणूक खर्च दराच्या १५ टक्के, म्हणजे १२ रुपये. उत्तर १,००० नग. या आकड्याला फार चिकटून राहू नका. १,००० ऐवजी १,२०० मागवले तरी ऑर्डर आणि साठवणूक मिळून होणारा खर्च जेमतेम पावणेदोन टक्क्यांनी वाढतो. खोक्याच्या मापात बसेल तो आकडा घ्यावा.

खरी मेहनत हवी सुरक्षा साठ्यावर, म्हणजे वापर वाढला किंवा माल उशिरा आला तरी पुरावा म्हणून ठेवायच्या जादा नगांवर, आणि नेमकी तिथेच घाई होते. वर्षात कामाचे दिवस ३०० धरले तर रोजचा वापर ४० नग. त्याचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा चढउतार) ८ आणि माल यायला ९ दिवस असतील, तर ९५ टक्के खात्रीसाठी १.६५ × ८ × √९, म्हणजे सुमारे ४० नग. बहुतेक अहवाल इथेच थांबतात. पण ते ९ दिवसही कधी ६ असतात, कधी १२. हे विचलन २ दिवसांचं असेल तर वर्गमुळात दोन पदं येतात: ९ × ८² आणि ४०² × २². बेरीज ६,९७६; तिच्या वर्गमुळाला १.६५ नं गुणलं की सुरक्षा साठा १३८. माल येईपर्यंतच्या ९ दिवसांचा वापर ३६० नग, तो यात मिळवायचा. म्हणजे पुन्हा ऑर्डर टाकायची ती साठा ४०० वर आल्यावर नव्हे, ४९८ वर. वापराचा चढउतार निम्म्यावर आणला तरी १३८ चे फक्त १३४ होतात. व्हेंडरचा चढउतार २ दिवसांवरून १ वर आणला तर थेट ७७. प्रोजेक्टचा सगळा जीव या तुलनेत आहे.

म्हणून तारखा हातानं तपासा. पीओच्या (खरेदी ऑर्डरच्या) तारखेपासून जीआरएनच्या (माल स्वीकारल्याच्या नोंदीच्या) तारखेपर्यंत मोजलं तर तपासणीत गेलेले दिवसही त्यात येतात. ते ठेवायचेच, कारण तोवर माल वापरता येत नाही. मात्र गेटवरची नोंद वेगळ्या रकान्यात घ्या, म्हणजे उशीर व्हेंडरचा की आपल्याच तपासणीचा हे कळेल. माल तुकड्या-तुकड्यांनी आला असेल तर प्रत्येक जीआरएन स्वतंत्र धरा. वापर खरेदीच्या आकड्यांवरून नको, इश्यू स्लिपवरून, म्हणजे स्टोअरमधून माल दिल्याच्या चिठ्ठीवरून घ्या. माल संपलेला असताना स्लिपवर शून्य दिसतं, पण मागणी शून्य नसते; ते दिवस वगळा. पीओ-जीआरएनमधले दिवस कॅलेंडरचे आणि वापर कामाच्या दिवसांचा, ही गल्लत तर सर्रास होते. दोन्ही कामाच्या दिवसांत आणा. महिन्याचं विचलन हाती असेल तर त्याला २५ नं भागू नका, २५ च्या वर्गमुळानं, म्हणजे ५ नं भागा.

शेवटी आकडे जुन्या वर्षावर चालवून पाहा. एक्सेलमध्ये दिवसाला एक ओळ: सुरुवातीचा साठा, आलेला माल, वापर, शिल्लक. तुमच्या नियमानं किती वेळा माल संपला असता आणि प्रत्यक्षात किती वेळा संपला, हे शेजारी-शेजारी मांडा. खरेदी विभागाला हा तक्ता द्यायचा तो व्हेंडरनिहाय तारखांसकट.