मेटॅलोग्राफीच्या (धातू घासून मायक्रोस्कोपखाली त्याची रचना बघण्याच्या) प्रॅक्टिकलला जाताना

जर्नल, अ‍ॅप्रन, बंद बूट. हे सगळेच नेतात. त्यात कापूस टाका आणि नखं घासायचा छोटा ब्रश. ब्रश विसरू नका, कारण पुढे येतंय.

स्टीलचा तुकडा स्वतः कापणार असाल तर कूलंट (थंड ठेवणारं द्रव) चालू ठेवूनच कापा. कापताना तुकडा निळा पडला तर तिथलं मायक्रोस्ट्रक्चर उष्णतेने बदललेलं असतं. तो थर पूर्ण उतरेपर्यंत मायक्रोस्कोपखाली मूळ स्टील दिसत नाही. तुकडा बोटांत धरता येत नसेल तर बेकेलाइटमध्ये (कडक प्लास्टिकमध्ये) बसवून म्हणजे माउंट करून घ्या. कडा मात्र आधीच घासून बोथट करून घ्या. धारदार कडेने पॉलिशिंगचं कापड फाटतं, आणि मागे अख्खी बॅच थांबलेली असते.

घासायचा पेपर पी-२२० (आकडा वाढेल तसा पेपर बारीक), मग ४००, ६००, ८००, १२००, याच क्रमाने. वेळ कमी आहे म्हणून मधला पेपर गाळू नका, त्याने वेळ वाढतोच. पेपर बदलला की तुकडा नव्वद अंशांत फिरवा. मग जुने ओरखडे आडवे दिसतात, आणि ते सगळे जाईपर्यंत त्याच पेपरवर घासायचं. एकाच दिशेने घासत राहिलं तर जुने कुठले आणि नवे कुठले तेच कळत नाही.

आता धुणं. मागच्या सेमिस्टरला माझं हेच राहिलं आणि पर्लाइटच्या (स्टीलमधल्या पट्ट्यापट्ट्यांच्या रचनेच्या) जागी ओरखड्यांचं जाळं दिसलं. पी-२२० चा कण साधारण ६८ मायक्रॉनचा, पी-१२०० चा १५ च्या आसपास. नखात अडकलेला एक जाड कण बारीक पेपरवर आला, तर त्याने पाडलेला ओरखडा तो पेपर काढू शकत नाही. पुन्हा जाड पेपरवर जावं लागतं. म्हणून ४०० कडे जाण्याआधी धुवा. ६०० कडे जाण्याआधी धुवा. दर वेळी तुकडा वाहत्या पाण्याखाली, हात साबणाने, नखं ब्रशने. शेजारच्याचा तुकडा हातात घेऊन पाहिलात? पुन्हा हात धुवा. १२०० नंतर कापडाकडे वळताना तर दोनदा धुवा. कापडात शिरलेला कण पुढच्या प्रत्येकाच्या तुकड्यावर रेघ मारत राहतो.

कापडावर अ‍ॅल्युमिना (पॉलिशिंगची बारीक पूड), हलका दाब, कापड ओलं. तुकड्यावर आरसा आला की एचिंगआधी (रचना दिसावी म्हणून रसायन लावण्याआधी) एकदा १०० पटीत बघाच. ओरखडे तेव्हाच कळतात, आणि ग्रे कास्ट आयर्न असेल तर ग्रॅफाइटच्या पाकळ्या एचिंगआधीच स्वच्छ दिसतात.

स्टीलला एचंट म्हणून २ टक्के नायटल, म्हणजे अल्कोहोलमधलं नायट्रिक अ‍ॅसिड. अल्कोहोलमध्ये अ‍ॅसिड घालायचं, उलट कधीही नाही. काही सेकंदांत आरसा धुरकट झाला की थांबा, जास्त झालं तर सगळं काळं. पितळेला फेरिक क्लोराइड. अ‍ॅल्युमिनियमच्या केलर्स एचंटमध्ये हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड असतं, त्याला सरांशिवाय हात लावू नका.

एचिंगनंतर पाणी, मग अल्कोहोल, मग गरम हवा. हेही धुणंच आहे, टाळू नका.

ओरलला ईएन-८ हे स्टील विचारतात: कार्बन ०.४ टक्के, सावकाश थंड केलं तर फेराइट (जवळपास शुद्ध लोखंड) आणि पर्लाइट साधारण निम्मं-निम्मं. आकृतीखाली मॅग्निफिकेशन आणि एचंट लिहा. तुकडा डेसिकेटरमध्ये (हवा कोरडी ठेवणाऱ्या भांड्यात) ठेवा, सबमिशनपर्यंत गंजायला नको.