संशयित विद्यार्थ्यांची रहस्यकथा कशी रचावी

विद्यार्थ्यांवरचा खोटा संशय वाचकालाही काही काळ खरा वाटला पाहिजे. केवळ पोलीस चुकले म्हणून मुले अडकली, एवढ्यावर कुमारवयीन वाचकाचे समाधान होत नाही. म्हणून खुनी कोण हे ठरवतानाच प्रत्येक विद्यार्थी जबाबात काय लपवतो आणि का लपवतो, हेही लिहून काढावे. लपवलेल्या गोष्टीचा खुनाशी संबंध नसावा, मात्र ती उघड होण्याची भीती त्या वयात पोलिसांच्या भीतीहून मोठी असावी.

समजा, सांगलीत ऑगस्टमधल्या पुराच्या रात्री विश्रामबागेतील एका अभ्यासिकेचा चालक मृतावस्थेत सापडतो आणि त्या संध्याकाळी तेथे बारावीची चार मुले होती. त्यांतला एकजण जबाबात सांगतो, की तो नऊ वाजता हरिपूर रस्त्याने घरी गेला. प्रत्यक्षात तो रस्ता तेव्हा पाण्याखाली होता. तो खरे तर एकांकिकेच्या तालमीला गेला होता, आणि नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी पैसे खर्चणाऱ्या वडिलांना ते कळू नये म्हणून खोटे बोलला. नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या गावातच नाटक लपवावे लागणे, हे मला या मुलाचे खरे दुःख वाटते. त्याला जागा द्यावी. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे. तेव्हा कोणत्या तासाला पाणी किती फुटांवर होते, याचा तक्ता आधी करावा, कारण सांगलीकर वाचक ही चूक लगेच पकडतो.

कायदा नीट वाचला, तर कथानकाला आयती कलाटणी मिळते. बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार गुन्ह्याच्या दिवशी 18 वर्षे पूर्ण नसलेल्या मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही, त्याला 24 तासांत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते आणि त्याची ओळख पटेल अशी बातमीही देता येत नाही. आता चौघांपैकी एकीचा अठरावा वाढदिवस गेल्याच महिन्यात झालेला असू द्या. तिघांची नावे झाकली जातात आणि वर्तमानपत्रात केवळ तिचेच नाव छापून येते. मैत्रीला पहिला तडा तेथे जातो. दमदाटीने घेतलेल्या कबुलीवर मात्र कथा उभी करू नये, कारण पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून न्यायालयात चालत नाही.

खरा धागा वाचकासमोर सुरुवातीलाच, पण इतर तपशिलांच्या गर्दीत ठेवावा. अभ्यासिकेच्या हजेरी वहीला दोऱ्याने काळे पेन बांधलेले आहे आणि त्या दिवसाच्या साऱ्या नोंदी काळ्या शाईत आहेत, फक्त अठरा पूर्ण झालेल्या त्या मुलीच्या नावापुढची ‘बाहेर, 9.10’ ही नोंद निळ्या शाईत आहे. पंचनाम्याच्या वर्णनात हे एका वाक्यात सांगून पुढे जावे. ती नोंद नंतर करू शकणारी व्यक्ती, म्हणजे खरा खुनी, पहिल्या काही प्रकरणांत वाचकाला भेटलेली असावी, आणि त्या व्यक्तीने मुलांना मदतही केलेली असावी.

खुनी उघड होण्यापूर्वी तालमीची गोष्ट त्या मुलाने स्वतः, वडिलांच्या उपस्थितीत सांगावी. तालमीला निघून अभ्यासिकेवरून जाताना त्याने त्याच मैत्रिणीला पावणेनऊलाच बाहेर पडताना पाहिलेले असते, म्हणजे वहीतली 9.10 ची नोंद खोटी ठरते, आणि तालमीचे सत्य सांगितल्याशिवाय त्याला ही साक्ष देता येत नाही.