पीएफटी करताना या चुका टाळा

पीएफटी म्हणजे फुंकून करायची फुफ्फुसांची टेस्ट. ती घेणाऱ्या नव्या टेक्निशियनला पहिल्या आठवड्यात एक गोष्ट मात्र पक्की जमते: "जोरात! अजून जोरात!" असं ओरडणं. काका लालबुंद होतात, आणि तीन-चार सेकंदांत "बास काका, छान!" म्हणून त्यांच्या तोंडातलं माउथपीस निघतंसुद्धा. बाहेर रांग आहे, कबूल. मुंबईत कुठल्या ओपीडीबाहेर नसते? पण सगळ्यात जास्त रिपोर्ट बिघडतात ते याच घाईने.

अडथळा असलेल्या छातीत खरी अडचण श्वास सोडताना येते. नळीची त्रिज्या निम्मी झाली की शांत, सरळ प्रवाहालाही सोळापट विरोध होतो. त्यात जोर लावला की छातीतला दाब हवेबरोबर नळ्यांनाही चेपतो. म्हणून पहिला झटका ओसरल्यावर कितीही जोर केला तरी हवा वेगाने येत नाही. निरोगी फुफ्फुसाचा ताण नळ्या उघड्या धरून ठेवतो. एम्फिसीमात (फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्या नष्ट होण्याच्या आजारात) तो ताणच गेलेला असतो, मग त्या लवकर मिटतात आणि उरलेली हवा रेंगाळत बाहेर येते. तुम्ही मध्येच थांबवलंत तर एफईव्हीवन (पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा) तसाच राहतो, कारण तो पहिल्या सेकंदातच मोजून झालेला असतो. एफव्हीसी (शेवटपर्यंत सोडलेली एकूण हवा) तेवढा कमी भरतो आणि दोघांचं गुणोत्तर उगाचच चांगलं दिसतं.

लालबागचे एक मामा आले होते, गिरणीत कार्डिंगला (कापूस पिंजायच्या खात्यात) जन्म गेलेले. हातात एका शिबिरातला रिपोर्ट: एफईव्हीवन 1.3 लिटर, एफव्हीसी 1.75, गुणोत्तर 0.74, आणि खाली शेरा 'अडथळा नाही, रिस्ट्रिक्शनची शक्यता', म्हणजे फुफ्फुसात हवाच कमी मावत असावी. मामा खुर्चीत बसतानाच ओठांचा चंबू करून श्वास सोडत होते. ओठ आवळले की नळ्यांत आतून थोडा दाब राहतो आणि त्या मिटत नाहीत. हे कोणी न शिकवता शरीर शिकतं. हा माणूस बघून कोणी 'अडथळा नाही' लिहूच कसं शकतं? जुन्या कागदावरचा आलेख तर चढता चढताच तुटलेला. आम्ही पुन्हा फुंकायला लावलं, शेवटपर्यंत सोडू दिलं. एफईव्हीवन तोच, 1.3. एफव्हीसी 2.5. गुणोत्तर 0.52. तोवर मामा दम्याचा पंप बंद करून खोकल्याच्या बाटल्या रिचवत होते.

माझी पद्धत साधी आहे. पहिला झटका मोठ्या आवाजात, मग आवाज एकदम खाली: "सोडत राहा मामा, हळूहळू, अजून आहे आत." डोळे आलेखावर. रेघ सपाट होऊन शेवटच्या एका सेकंदात 25 मिलीपेक्षा कमी भर पडली, किंवा 15 सेकंद झाले, की थांबायचं. पेशंटला चक्कर येतेय असं वाटलं तर अर्थातच त्याआधी. 'सहा सेकंद झाले की झालं' हा मंत्र जपणाऱ्यांनी तो आता सोडावा.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे औषधानंतरची टेस्ट. साल्बुटामॉलचे (श्वासनळ्या उघडणाऱ्या औषधाचे) 100 मायक्रोग्रॅमचे चार पफ स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या पोकळ नळीतून) एकेक करून द्यायचे, चारही एकदम दाबून मोकळं व्हायचं नाही. मग 15 मिनिटं थांबायचं. मी फॉर्मवर पफची वेळ लिहून पेशंटला बाहेरच्या बाकावर बसवते. वेळ लिहिली नाही की पाच मिनिटांत 'झाली असतील पंधरा' असं सगळ्यांनाच वाटायला लागतं. आणि घरी काय करायचं तेही तेव्हाच दाखवा: पंप असेल तर सावकाश खोल ओढायचा आणि श्वास धरायचा, रोटाहेलरची पावडर मात्र जोरात ओढायची. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

उंची विचारू नका, चप्पल काढायला लावून मोजा. नाकाला क्लिप लावा. सकाळी स्वतःच्या पंपाचा डोस घेऊन आलेत का, ते फुंकायच्या आधी विचारा, नंतर नाही. मशीनचं माप तपासायची तीन लिटरची सिरिंज मशीनशेजारीच ठेवा. एसीच्या खोलीत मशीन आणि दमट पॅसेजमधल्या कपाटात सिरिंज, असं कॅलिब्रेशन काय कामाचं?

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून पेशंटला "तुम्हाला दमा नाही" असं सांगायला जाऊ नका. दमा त्या दिवशी शांत असू शकतो. दोन मिलिमीटरहून बारीक नळ्यांचा एकूण अडथळ्यातला वाटा एरवी इतका थोडा असतो, की तिथे बरंच बिघडेपर्यंत या टेस्टला पत्ता लागत नाही.

आणि खोकल्यातून रक्त पडतंय किंवा टीबीचा संशय आहे, अशा पेशंटला डॉक्टरांना विचारल्याशिवाय फुंकायला लावू नका. आधी थुंकीचा रिपोर्ट येऊ द्या.