मिक जनुकावर काम सुरू करणाऱ्यांसाठी

मिक हे पेशींच्या वाढीला चालना देणारे कर्करोगजनुक आहे आणि मिक-मॅक्स ही प्रथिनांची जोडी डीएनएवरील ई-बॉक्स या ठरावीक छोट्या क्रमाला चिकटते, एवढे तुम्हाला ठाऊक असेलच. परंतु हेच प्रथिन पेशीला मृत्यूकडेही ढकलते, ही गोष्ट वाचलेली असूनही प्रयोग आखताना निसटते आणि माझे काम सर्वाधिक काळ इथेच अडून राहिले.

मिक सतत सक्रिय ठेवलेल्या फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतील) पेशींचे, वाढीसाठी दिलेले सीरम कमी केले, तर त्या विभाजन थांबवून स्वस्थ राहत नाहीत, अ‍ॅपॉप्टोसिसने, म्हणजे पेशीच्या ठरलेल्या आत्मनाशाने, मरतात, हे १९९२ सालीच दाखवले गेले होते. म्हणून केवळ एमटीटी चाचणीवर विसंबू नका. ती चाचणी विभाजन मोजत नाही आणि मृत्यूही मोजत नाही. जिवंत राहिलेल्या पेशींच्या चयापचयातून उमटलेला एकत्रित रंग तेवढा मोजते. विभाजन वाढले आणि मृत्यूही तेवढाच वाढला, तर आलेख सपाट येतो आणि आपण ‘परिणाम नाही’ असे लिहून मोकळे होतो. त्यातच मिक चयापचयही वाढवत असल्यामुळे प्रत्येक पेशीमागचा रंगच बदलू शकतो. डीएनए-निर्मितीसाठी ईडीयू (नव्या डीएनएत सामावणारा खुणेचा रेणू) आणि मृत्यूसाठी अ‍ॅनेक्सिन-व्ही (मरणाऱ्या पेशीच्या पृष्ठभागाला चिकटणारे प्रथिन) किंवा तुटलेले कॅस्पेज-३ (पेशीमृत्यू घडवणारे विकर) हे एकाच वेळी तपासा, आणि पेशींवरचे द्रव माध्यम फेकू नका, कारण मेलेल्या पेशी बहुधा त्यातच तरंगत असतात. ‘वेळ वाचवा, एकच चाचणी पुरे’ असे सांगणाऱ्या वरिष्ठांचे मी तरी ऐकणार नाही.

सपाट आलेखाने खचू मात्र नका. वरील दोन मोजमापे हाती आली की त्याच आलेखाचा अर्थ लागू शकतो.

पेशीवंश निवडताना पी-५३ या गाठी रोखणाऱ्या प्रथिनाची स्थिती आधी पाहा. मिकमुळे एआरएफ हे प्रथिन वाढते, ते पी-५३ नष्ट करवणाऱ्या एमडीएम-२ ला रोखते आणि पी-५३ टिकून राहते. मृत्यूचा एक मोठा मार्ग हाच आहे. हेला या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशींमध्ये एचपीव्ही या विषाणूचे ई-६ प्रथिन पी-५३ नष्ट करवते, त्यामुळे तिथे हा मार्ग तपासणे व्यर्थ आहे. बीसीएल-२ हे मृत्यू रोखणारे प्रथिन जास्त असलेल्या पेशीही मिक वाढूनसुद्धा तगून राहतात, आणि लिम्फोमात (लसीका पेशींच्या कर्करोगात) या दोघांची जोडी घातक ठरते ती त्यामुळेच.

आरएनए मोजणार असाल, तर मिक पेशीतील एकूण आरएनएच वाढवू शकते, हे ध्यानात ठेवून आधी पेशी मोजा आणि त्या संख्येच्या प्रमाणात बाहेरचा प्रमाणित आरएनए मिसळा, म्हणजे ही वाढ मोजमापात लपणार नाही.