ख्रिस्ती मराठी ग्रंथ वाचायला घेताय? आधी कानाने वाचा

बी.डी.ला (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, म्हणजे धर्मशास्त्राच्या पदवीला) प्रवेश मिळाला त्याच आठवड्यात मी ईश्वरविज्ञानाचा (थिऑलॉजीचा) एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ विकत आणला आणि पहिल्या चाळीस पानांतच अडकून बसले. एम.ए. मराठी झालेलं, वाचनाची सवय चांगली, तरी काही केल्या डोक्यात शिरेना. नाताळच्या सुट्टीत नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी गेले. पहाटे आजी चुलीपाशी बसून एक गायन म्हणत होती. आजीला अक्षरओळख नव्हती. त्या चार कडव्यांत पाप, कृपा, वधस्तंभ, पुनरुत्थान सगळं ओळीने आलं. मी महिनाभर ज्याच्याशी झटत होते, ते आजीने दूध उतू जायच्या आत म्हणून संपवलं होतं.

त्या सकाळपासून माझी अभ्यासाची दिशा बदलली. आपल्याकडचं ख्रिस्ती वाङ्मय चारशे वर्षं मुख्यतः ऐकण्यासाठी, म्हणण्यासाठी लिहिलं गेलं आहे. ते मुकाट्याने डोळ्यांनी वाचलं तर अर्धंच हाती लागतं. म्हणून नव्याने या वाटेला येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो सेमिनरीचा विद्यार्थी असो, मराठीचा संशोधक असो की रविवारची शाळा घेणारा असो, मी सांगते की सुरुवात गायनाच्या पुस्तकापासून करा.

मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या समुदायांत, ‘उपासना संगीत’ हे गायनाचं पुस्तक घरोघरी असतं. बहुतेक जण त्यातली पाठ असलेली तीस-चाळीस गीतंच म्हणतात. तुम्ही ते अभ्यासाचं पुस्तक म्हणून उघडा. कवीचं नाव पाहा, वृत्त किंवा चाल दिली असेल ती पाहा. दोन प्रवाह लगेच वेगळे दिसू लागतील. एक मिशनरींनी आणलेल्या इंग्रजी गीतांच्या भाषांतरांचा. त्यात चाल परदेशी, आणि शब्द त्या चालीत बसवताना कधी कधी मराठीची ओढाताण झालेली. दुसरा अभंग, ओवी, पद, कीर्तन यांतून आलेला. कृष्णराव रत्नाजी सांगळे आणि नारायण वामन टिळक हे या दुसऱ्या प्रवाहातले. एकट्या टिळकांची दोनशेहून अधिक गीतं मराठी मंडळ्यांच्या गायनात आली. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले हे गृहस्थ आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणत. त्यांचा अभंग टाळ धरून म्हणून पाहिल्यावर मला त्या म्हणण्याचा अर्थ कळला, त्याआधी ते नुसतं सुंदर वाक्य वाटायचं.

टिळकांनी सुरू केलेलं ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचं महाकाव्य त्यांच्या हयातीत अपुरं राहिलं. १९१९ मध्ये ते गेल्यावर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेऊन पुरं केलं आणि १९३८ साली, त्यांच्याही पश्चात, ते छापून आलं. लग्नानंतर लिहा-वाचायला शिकलेल्या बाईंनी केलेलं हे काम आहे. आपल्याला हे जमेल का, असा प्रश्न पडणाऱ्या मुलींना मी आधी हे पुस्तक दाखवते.

गायनानंतर शास्त्र. इथे नवख्यांची एक गडबड हमखास होते. प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं असतात, कॅथलिक बायबलमध्ये ७३. टोबीत, मक्काबी ही नावं आपल्या प्रतीत नाहीत म्हणून प्रत सदोष आहे असं समजू नका. माझा सल्ला असा की दोन्ही जवळ ठेवा. बायबल सोसायटीचं ‘पवित्र शास्त्र’ मुख्य पाठ म्हणून, आणि वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ त्यातल्या टिपांसाठी आणि आजच्या मराठीसाठी. तिसरं, मिळालं तर, पंडिता रमाबाईंचं भाषांतर. केडगावच्या मुक्ती सदनात राहून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या, कमी शिकलेल्या बायकांना कळेल अशा भाषेत त्यांना बायबल द्यायचं होतं. एप्रिल १९२२ मध्ये त्यांचं निधन झालं आणि १९२४ साली त्यांचं बायबल प्रसिद्ध झालं. एखादा अध्याय तिन्हींतून मोठ्याने वाचा. कुठे वाक्य घशात अडकतं आणि कुठे सहज वाहतं ते ऐका, भाषांतराचे कितीतरी प्रश्न तिथेच उलगडतात.

पहिलं शुभवर्तमान मार्कचं घ्या. सोळाच अध्याय आहेत, एका बैठकीत मोठ्याने वाचून होतात. मग स्तोत्रसंहिता. १३६ वं स्तोत्र घरात दोघांनी मिळून म्हणा, एकाने पहिला अर्धा म्हणायचा, दुसऱ्याने ‘त्याची दया सनातन आहे’ म्हणायचं. २६ ओव्या आणि २६ वेळा तेच पालुपद. डोळ्यांनी वाचताना कंटाळवाणं वाटणारं हे स्तोत्र, म्हणायला लागलं की भजनातल्या ध्रुवपदासारखं उभं राहतं. इथे ‘दया’ ज्यासाठी आलं आहे तो हिब्रू शब्द हेसेद. कराराला जागणारी, न सुटणारी माया असा त्याचा भाव आहे. आपल्या ‘दया’मध्ये तो पुरता मावत नाही, पण सव्वीस वेळा म्हटल्यावर थोडा थोडा येतो.

आता ईश्वरविज्ञान. याची अडचण कल्पनांपेक्षा शब्दांची जास्त असते आणि यावर मी जरा थांबणार आहे, कारण माझी फजिती इथेच झाली. दुसऱ्या वर्षी मला एका मंडळीत उपदेशाची संधी मिळाली. पौलाच्या रोमकरांस पत्राचा तिसरा अध्याय होता, ‘विनामूल्य नीतिमान ठरतात’ हे वचन. मी वीस मिनिटं चांगलं वागण्यावर बोलले. उपासना संपल्यावर मंडळीतल्या एका वृद्ध निवृत्त पाळकांनी मला बाजूला बोलावलं. म्हणाले, “बाळ, तू ‘नीतिमान’वर थांबलीस. ‘ठरतात’वर थांबायचं होतं.” मी तिथल्या तिथे पुस्तक उघडलं. नीतिमान असतात, असं पौल म्हणत नाही. होतात, असंही नाही. ठरतात. न्यायालयात आरोपी निर्दोष ठरतो, तसं. निकाल दुसरा कोणीतरी देतो. सगळा सिद्धान्त त्या एका मराठी क्रियापदात होता आणि मी त्यावरून वेगाने पुढे गेले होते.

त्याच वचनात ‘खंडणी’ आहे. आजच्या तरुण वाचकाला पेपरातली गुंडांची खंडणी आठवते आणि वाक्य विचित्र वाटतं. तिथला ग्रीक शब्द मोल देऊन गुलामाला, बंदिवानाला सोडवण्याचा आहे. ‘तारण’ तसंच, सोनं तारण ठेवणाऱ्या पिढीला ते बँकेतलं वाटतं. म्हणून एक वही करा. प्रत्येक शब्दासमोर तीन गोष्टी लिहा: आज बोलताना तो काय सांगतो, जुन्या कोशात काय दिलंय, आणि मूळ ग्रीक किंवा हिब्रू शब्दाचा भाव काय. जुन्या अर्थासाठी मोल्सवर्थचा १८५७ चा कोश अजूनही कामाचा आहे. माझ्या वहीत आज चारशेच्या वर शब्द आहेत, आणि उपदेश तयार करताना मी टीकाग्रंथांआधी ती उघडते.

बाबा पदमनजी वाचाच. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) पहिली मराठी कादंबरी म्हणून परीक्षेपुरतं सगळ्यांना ठाऊक असतं, पण धर्मांतराच्या काळातली मनाची घालमेल समजून घ्यायची तर ‘अरुणोदय’ हे त्यांचं आत्मचरित्र हातात घ्या. एकूण इतिहासाचा नकाशा हवा असेल तर गंगाधर मोर्जे यांचा ख्रिस्ती मराठी वाङ्मयावरचा ग्रंथ ग्रंथालयात मागा.

‘ख्रिस्तपुराण’ मी मुद्दाम उशिरा सांगते आहे. पुष्कळ जण उत्साहाने तिथूनच सुरुवात करतात आणि शंभर ओव्यांनंतर सोडून देतात. इंग्रज धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि १६१६ मध्ये तिथल्याच रायतूरला त्यांचं पुराण छापलं गेलं. जवळपास अकरा हजार ओव्या. पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात नवा. सतराव्या शतकात ते तीनदा छापलं गेलं, तरी त्या छापील प्रतींपैकी एकही आज हाती नाही. ते टिकलं हस्तलिखितांमुळे आणि ते म्हणणाऱ्या लोकांमुळे. १९०७ साली मंगळुरात निघालेली आवृत्ती रोमन लिपीत आहे. ती पहिल्यांदा उघडली तेव्हा एक्स हे अक्षर मी ‘क्ष’ असं वाचत होते आणि एकही ओवी लागत नव्हती. पोर्तुगीज वळणात ते ‘श’ आहे, हे कळल्यावर पानं भराभर उघडली. तुम्ही ही पायरी टाळून शांताराम बंडेलू यांची १९५६ ची देवनागरी आवृत्ती घ्या. आणि ही ओवी मोठ्याने म्हणा:

जैसी पुष्पांमाजि पुष्प मोगरी ।
कीं परिमळांमाजि कस्तुरी ।
तैसी भासांमाजि साजिरी ।
मराठिया ॥

पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड. ज्ञानेश्वरीची ओवी म्हणायची सवय असेल तर जीभ आपोआप वळते. स्टीफन्स स्वर्गाला वैकुंठ म्हणतात. पुढच्या काळातल्या प्रोटेस्टंट भाषांतरकारांनी, रमाबाईंनीही, असे शब्द बाजूला ठेवले. कोणाचं बरोबर, यावर वर्गात तासन्‌तास वाद होतात. माझं मत स्टीफन्सच्या बाजूने झुकतं, पण रमाबाईंची सावधगिरी कुठून आली होती हे समजून घेतल्याशिवाय तुम्ही मत बनवू नका.

पोटापाण्याचं थोडक्यात सांगते. मंडळीचं पाळकपण हा एकच रस्ता नाही. भाषांतर, बायबलच्या मजकुराची तपासणी, धर्मशिक्षणाची पुस्तकं, १८४२ पासूनच्या ‘ज्ञानोदया’सारख्या नियतकालिकांवर संशोधन, अशी कामं आहेत. मानधन बेताचंच असतं. चांगलं मराठी आणि थोडं ग्रीक दोन्ही येणारी माणसं मात्र फार कमी आहेत, त्यामुळे काम शोधत जावं लागत नाही, ते दाराशी येतं.

सध्या मी जुन्या गायनांच्या चाली गोळा करते आहे. जुन्या पुस्तकांत गीताच्या डोक्यावर चालीचं नाव असतं, पण ती चाल कशी लागते हे पुष्कळदा कोणालाच सांगता येत नाही. आजीला येत असलेल्या तीन चाली मी वेळेत उतरवून घेतल्या, चौथी राहून गेली. तुमच्या घरात कोणी ऐंशीच्या पुढचं असेल तर या महिन्यातच बसा त्यांच्यापाशी. आधी सगळं गीत एका दमात म्हणू द्या, मध्ये शब्द विचारू नका, चाल तुटते. शब्द दुसऱ्या फेरीत विचारा. आणि फोन पेटीच्या टेबलावर ठेवू नका, हातात धरा. नाहीतर भात्याची धडधड तेवढी रेकॉर्ड होते आणि आवाज बुडून जातो.