दिवाळीच्या किल्ल्यातलं घर शाकारताना या चुका टाळा

किल्ल्याच्या पायथ्याशी गाव वसवायचं, चार घरं मांडायची आणि त्यांवर खरा पेंढा चिकटवायचा, अशीच बहुतेकांची सुरुवात असते. पहिली चूकही तिथेच होते. बाजारात मिळणारा मावळा साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास उंच असतो, म्हणजे खऱ्या माणसाच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढा. पेंढ्याची काडी 3 मिलिमीटर जाड धरली, तरी त्या मावळ्याच्या हिशेबात ती साडेसात सेंटिमीटर जाड होते. छपरावर गवताऐवजी बांबू रचल्यासारखे दिसतात. माडाचे हीर, केरसुणीच्या काड्या यांचंही तेच.

या मापाला चांगली शोभते ती साधी तागाची सुतळी. गणपतीच्या देखाव्यातलं फूट-दीड फुटाचं घर असेल तर पिंजलेला काथ्या घ्या. सुतळी मात्र रिळावरून काढून तशीच लावू नका. तागाचे धागे सुटे करण्यासाठी गिरणीत तेल वापरतात, ते सुतळीत उरलेलं असतं आणि मग रंग धड बसत नाही. कपडे धुण्याची पावडर टाकलेल्या कोमट पाण्यात ती तासभर भिजवा, स्वच्छ धुवा, पीळ उलगडा आणि ताणून बांधून वाळवा. ताणली नाही तर प्रत्येक धागा कुरळा राहतो. वाळल्यावर बारीक दातांच्या फणीने विंचरून 4 सेंटिमीटरचे तुकडे करा.

वरून खाली लावणे

बरेच जण माथ्यापासून खाली लावत येतात आणि सगळ्यात जास्त छपरं इथेच फसतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. लहानपणी गावी वैशाखात शाकारणी चालायची. वर चढलेला माणूस वळचणीपासून, म्हणजे छपराच्या खालच्या कडेपासून, सुरुवात करी. खालून एकजण पेंढी फेकी, वरचा ती झेलून पसरी आणि कामटी, म्हणजे बांबूची चिरलेली पट्टी, दाबून बांधून टाकी. पुढचा थर त्या कामटीला झाकून वर सरके. शेवटी आढं, म्हणजे छपराचा माथा. कारण साधं होतं: वरच्या थरावरचं पाणी खालच्या थराच्या पाठीवर पडलं पाहिजे, त्याच्या पोटात शिरता कामा नये. छपराचं सारं रूप या पाण्याच्या वाटेने ठरलेलं असतं. ती वाट डोळ्यांसमोर ठेवली की निम्म्या चुका होतच नाहीत.

छोट्या घरालाही हेच करा. पहिली ओळ वळचणीला, तीही दुहेरी. त्याआधी कडेला आडवी एक बारीक कामटी चिकटवा, म्हणजे ही ओळ किंचित उचललेली राहते आणि कडेची जाडी नजरेत भरते. गोंद प्रत्येक झुबक्याच्या फक्त वरच्या टोकाला लावा आणि खालचं टोक मोकळं ठेवा. दुसरी ओळ सेंटिमीटरभर वर, तिसरी त्याच्या वर. ओळी पट्ट्यापट्ट्यांनी वेगळ्या दिसत असतील तर अंतर जास्त झालंय किंवा तुकडे एकसारख्या लांबीचे कापलेत. प्रत्येक झुबक्याचं टोक कात्री उभी धरून थोडं विस्कटवा.

फेव्हिकॉल घट्ट लावला की धागे एकमेकांना चिकटून छपराची पपडी होते. पातळ थर द्या आणि पाच मिनिटं थांबून झुबका दाबा. ग्लू गन या कामाला नकोच. तिचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू तागातून निघत नाहीत. पुठ्ठ्याचा पाखा, म्हणजे छपराची उतरती बाजू, ओल्या गोंदाने वाकतो, तेव्हा आतल्या बाजूने वाशांच्या जागी कामट्या आधीच चिकटवून घ्या. घर उचलून पाहणाऱ्या पोरांना त्या दिसतात आणि आवडतातही.

उतार आणि वळचण

पत्र्याच्या घरासारखा चपटा उतार गवताला चालत नाही. काडी पाणी अडवत नाही, घरंगळवते, आणि त्यासाठी निदान 45 अंशांचा उतार लागतो. घर 12 सेंटिमीटर रुंद असेल तर आढं भिंतीच्या माथ्यापेक्षा 6 सेंटिमीटर उंच घ्या. वळचण भिंतीबाहेर 2 सेंटिमीटर तरी आली पाहिजे. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या कोकणात कुडाची भिंत तिच्याच आडोशाने टिकते.

इंटरनेटवरचे बरेचसे धडे इंग्लंडच्या खेड्यातल्या घरांचे असतात. तिथलं बोरूचं छप्पर फूटभर जाड, कातरून गोल केलेलं, आढ्यावर नक्षी काढलेलं. जपानच्या शिराकावा-गो गावातले पाखे तर जवळपास 60 अंशांत उभे, कारण तिथे बर्फ पडतं. दोन्ही सुंदर आहेत, पण आपल्या मावळातल्या केंबळारू, म्हणजे गवताने शाकारलेल्या, घरावर ती चढवू नका. आपला थर वीतभर, म्हणजे या मापात 8 मिलिमीटर पुरे.

आढ्याची फट

दोन्ही पाखे वर भेटतात तिथे पुठ्ठा दिसतो, आणि लोक वर सुतळीचा एक पट्टा आडवा चिकटवून मोकळे होतात. आडवे धागे म्हणजे पाणी थेट घरात. 6 सेंटिमीटरचे झुबके घ्या, मधोमध मोडून आढ्यावर खोगिरासारखे टाका आणि दोन्ही बाजूंनी कामटी ठेवून काळ्या दोऱ्याने बांधा.

पिवळाधमक रंग

वैशाखात शाकारलेलं छप्पर दिवाळीपर्यंत चार महिन्यांचा पाऊस खाऊन बसलेलं असतं. सोनेरी रंग केव्हाच उतरतो. उरतो तो राखाडी-तपकिरी, वळचणीला काळपट, सावलीच्या बाजूला शेवाळी. गडद तपकिरी ॲक्रेलिकमध्ये थेंबभर काळा घालून चहाइतकं पातळ करा. छप्पर आडवं न ठेवता घरावर बसवूनच आढ्यावरून रंग सोडा. तो धाग्यांवरून पावसासारखा उतरतो आणि वळचणीला आपोआप गडद साचतो. मध्येच कुठे डाग थबकला तर तिथे धागे आडवे पडलेत असं समजा. ओल्या टूथब्रशने वरून खाली विंचरलं की सुटतात. वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिका राखाडी फक्त उंचवट्यांवर फिरवा.

पणत्या घरांपासून हातभर लांब ठेवा. सुका ताग क्षणात पेटतो. घरात उजेड हवाच असेल तर सेलवरचा छोटा एलईडी दिवा लावा.

दिवाळी झाली की घर दोन उन्हं दाखवून, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून बंद डब्यात ठेवा. पुढच्या वर्षी एखादा पाखा विरळ दिसला तर सगळं खरवडू नका. उसवलं असेल तेवढ्याच जागी, वरची ओळ थोडी उचलून, न रंगवलेले नवे झुबके सरकवा. करड्या छपरावर तो पिवळा तुकडा उठून दिसेल. दिसू द्या, गावातल्या घरांवरही तो असाच दिसायचा.