विहिरीवरच्या पंपाचा वीजवापर कसा मोजावा
पंप किती अश्वशक्तीचा आहे यापेक्षा हजार लिटर पाणी उपसायला किती युनिट वीज लागते, हा आकडा शेतकऱ्याला अधिक उपयोगी पडतो. त्यासाठी पंप सुरू करून धार स्थिर होऊ द्यावी, मीटरचे रीडिंग टिपून बरोबर एका तासाने पुन्हा टिपावे आणि त्याच वेळात २०० लिटरचे पिंप किती सेकंदांत भरते हे तीनदा मोजून सरासरी काढावी. पिंप २५ सेकंदांत भरले तर तासाला २८,८०० लिटर पाणी येते. मीटर साडेचार युनिट पुढे गेले असेल, तर हजार लिटरला सुमारे ०.१६ युनिट पडते. पाइपातले घर्षण धरून पाणी चढवायची एकूण उंची २० मीटर असेल, तर हजार लिटरला तत्त्वतः ०.०५५ युनिट पुरते, म्हणजे हा पंपसंच जेमतेम ३५ टक्के कार्यक्षमतेने चालतो आहे.

सुधारणेची सुरुवात, माझ्या मते, नवा पंप घेण्याआधी फूटव्हॉल्व्हपासून, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तळाशी असलेल्या जाळीदार झडपेपासून करावी. आमच्या विहिरीतला वर काढला, तेव्हा जाळीवर शेवाळ आणि कुजलेली पाने इतकी घट्ट बसली होती की ती नखाने खरवडावी लागली. काटकोनी एल्बोऐवजी लांब वळणाचा बेंड बसवावा, गळके सांधे बदलावेत आणि विहिरीची पातळी तितकीच असताना पुन्हा मोजणी करावी.